पलंगाचे साडेतीन इंच

मैत्रिणींनो, आपल्या बायकांच्या आयुष्यात पलंग निवडण्याचा प्रसंग तसा क्वचितच येतो. पलंग लग्नात येतो, नाहीतर सासरी आधीपासूनच असतो. आपण निवडायच्या त्या चादरी आणि उशांचे अभ्रे. त्यामुळे पलंगावर अख्खा लेख लिहिणारी ही कोण, असं तुम्हाला वाटलं तर त्यात नवल नाही. पण आमच्या घरात एका पलंगावरून जेवढी चर्चा झाली, तेवढी एखाद्या घरात मुलीचं लग्न ठरवतानाही होत नसेल.

२०२२ च्या मे महिन्यात, पावसाळ्याच्या तोंडावर गोठ्याचे पत्रे बदलताना माझे धाकटे दीर वरून खाली पडले. वय चौतीस. छाती संपून कंबर जिथे सुरू होते तिथे कणा मोडला आणि आतल्या मज्जारज्जूला इजा झाली. मिरजेला शस्त्रक्रिया झाली, सळ्या आणि स्क्रू बसले, हाड सांधलं. पण कंबरेखालची हालचाल आणि संवेदना परतली नाही. हात मात्र पूर्वीसारखेच दणकट. हातांचं मी मुद्दाम आधी सांगते आहे, कारण पलंगाचा सगळा हिशेब पुढे हातांवरच येऊन ठेपतो.

घरी सोडताना औषधांची यादी मिळाली, जखमेची काळजी सांगितली, आणि पलंगाबद्दल एकच वाक्य: "हॉस्पिटलची कॉट आणि हवेची गादी घ्या." आता कॉट म्हटली की एकच असते असं आपल्याला वाटतं. दुकानात गेलो तर तीन-चार तऱ्हा. एक नुसती डोक्याकडची बाजू वर होणारी, तिला सेमी-फाउलर म्हणतात. दुसरी डोकं आणि गुडघे दोन्हीकडे वर होणारी, ती फाउलर. ह्या दोन्ही पायथ्याशी हँडल फिरवून चालतात. आणि तिसरी, विजेवर अख्खी वर-खाली होणारी. तिची किंमत ऐकून आम्ही दोघंही एकमेकांकडे बघत राहिलो. दुकानदार "घेऊनच टाका, कायमचं काम आहे" म्हणत होता. पण ह्यांनी सेमी-फाउलर कॉट महिन्याच्या भाड्याने आणली, आणि ते फार चांगलं झालं. तुमच्या कुणाच्या घरी दुर्दैवाने अशी वेळ आली तर पहिले दोन-तीन महिने कॉट भाड्यानेच घ्या. त्या काळात पाठीला पट्टा असतो, वाकायची मनाई असते, माणसाला पुढे काय काय जमणार आहे ते कुणालाच ठाऊक नसतं. कायमचा पलंग त्यानंतर ठरवावा.

कॉट ठेवली बाहेरच्या खोलीत. तिथे उजेड, टीव्ही आणि पंखा. शिवाय भेटायला येणाऱ्यांची सोय. सासूबाईंनीच तसं ठरवलं. धाकटी रात्री कॉटखाली चटई टाकून झोपू लागली. येणारा प्रत्येक जण कॉटच्या कडेवर टेकायचा, भाऊजींच्या पायावर थोपटायचा आणि "आता कसं वाटतंय?" विचारायचा. ते थोपटणं त्यांना कळतही नव्हतं, फक्त दिसत होतं. तीन आठवडे त्यांनी काढले. मग एक दिवस शांतपणे म्हणाले, "वहिनी, मला खोलीत न्या. दार असलेल्या."

तिथून पलंगाचा प्रश्न खरा सुरू झाला.

व्यायाम शिकवायला फिजिओथेरपिस्ट बाई यायच्या, त्यांनी आल्या आल्या विचारलं, "पलंग कुणासाठी घ्यायचाय? सेवा करणाऱ्यासाठी की झोपणाऱ्यासाठी?" मी म्हटलं, "हा काय प्रश्न झाला?" पण प्रश्न अगदी बरोबर होता. माणसाला पुसायचं, कपडे बदलायचे, कुशीवर वळवायचं, तर पलंग करणाऱ्याच्या कंबरेएवढा उंच हवा. नाहीतर महिन्याभरात करणारीची कंबर धरते. पण त्याच माणसाने स्वतः उठून चाकाच्या खुर्चीत बसायचं असेल, तर पलंग खुर्चीएवढा खाली हवा. एक सोय केली की दुसरी जाते. ज्यांची इजा मानेत आहे, हातही नीट चालत नाहीत, त्यांच्या घरी वर-खाली होणारी कॉट परवडत असेल तर पहिला पैसा तिच्यावर खर्चावा; त्यात करणाऱ्या बाईचा विचार आहे, आणि तो कुणी करत नाही. ज्याचे हात शाबूत आहेत, त्याच्यासाठी मात्र पलंग त्याच्या हातांच्या हिशेबाने घ्यावा.

आमच्या भाड्याच्या कॉटची नुसती चौकटच जवळजवळ दोन फूट उंच. वर गादी. खुर्ची कितीतरी खाली. खुर्चीत उतरताना भाऊजी घसरगुंडीसारखे यायचे, आणि परत वर चढायचं म्हटलं की दोघांनी उचलावं लागायचं. बाई म्हणाल्या, "दोन्ही एका पातळीत आणा, मग बघा."

मी शिवणाची टेप काढली. मोजायची रीत सांगते, कारण इथेच पुष्कळ जण फसतात. रिकामी खुर्ची मोजायची नाही. खुर्चीवर त्यांची उशी हवी, उशीवर ते बसलेले हवेत, आणि मग जमिनीपासून मांडीच्या खालच्या बाजूपर्यंत टेप धरायची. एकवीस इंच भरलं. पलंगाचंही तेच, गादीच्या कडेवर त्यांच्याच वजनाच्या माणसाने बसायचं, गादी दबली की मोजायचं. आमच्याकडे त्या कामी ह्यांना बसवलं.

आता पलंग कुठला? बाजारात हल्ली जे खोक्याचे पलंग मिळतात, खाली रजया आणि जुनी भांडी ठेवायची सोय असलेले, ते ह्या कामाचे नाहीत. खुर्ची पलंगाला भिडवायची तर पावलं ठेवायच्या पाट्या थोड्या पलंगाखाली जाव्या लागतात. खाली लाकडी भिंत असली की खुर्ची वीतभर लांब राहते, आणि पडायला ती वीतभर फट पुरते. पुढे कधी माणूस उचलायचं यंत्र आणायची वेळ आली तर त्याचेही पाय पलंगाखाली सरकावे लागतात. म्हणून खाली मोकळा असलेला, चार पायांवर उभा पलंगच पाहावा. चाकं असतील तर त्यांना कुलूप हवं, आणि ते धरतं की नाही हे फरशीवर ढकलून पाहावं. रुंदीही बघावी. दवाखान्याची कॉट जेमतेम तीन फूट. ज्याला आपल्या हाताने आपले पाय उचलून कूस बदलायची आहे, त्याला तेवढ्यात वळताच येत नाही.

आमच्या घरात एक सागवानी पलंग होता. सासूबाईंचा. चार फूट रुंद, कातीव पायांचा, फळ्यांपर्यंत वीस इंच उंच. पाच इंचांची गादी टाकून, दाबून मोजलं तर साडेचोवीस. म्हणजे साडेतीन इंच जास्त.

ह्या साडेतीन इंचांनी घरात आठवडाभर अबोला झाला. "माझी दोन्ही बाळंतपणं ह्या पलंगावर झाली. त्याचे पाय तोडायचे?" सासूबाई म्हणाल्या. तो शब्द त्यांच्या तोंडून गेला आणि त्यांनाच लागला. त्या उठून आत गेल्या. कुणी काही बोललं नाही.

त्यातच दुसरी गोष्ट उभी राहिली. धाकटीने कुठे झोपायचं? सासूबाईंचं म्हणणं, आजारी माणसाच्या शेजारी झोपू नये, धक्का लागेल. तिने आपली चटई टाकावी, हाकेच्या अंतरावर असलं म्हणजे झालं. धाकटी काही बोलली नाही. पण रात्री भांडी विसळताना मला म्हणाली, "ताई, खाली झोपायचं मला काही नाही. पण हे वर, मी खाली आणि मधे ती लोखंडी दांडी. रात्री हात वर केला तर हाताला दांडीच लागते." तिचं लग्न होऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. मैत्रिणींनो, ह्या गोष्टी आपल्याकडे कुणी बोलत नाही. दवाखान्यातही तिला कुणी काही सांगितलं नाही आणि तिने विचारलं नाही. मला वाटतं, पलंग निवडताना पहिल्यांदा जी विचारायला हवी ती गोष्ट हीच, आणि ती विचारायची दोघांना. सासूला नाही आणि जावेलाही नाही.

फिजिओथेरपिस्ट बाईंनीच सासूबाईंना समजावलं. म्हणाल्या, "आई, हाड सांधलंय, डॉक्टरांनी फोटो पाहून सांगितलंय. ते आता आजारी नाहीत; त्यांचे पाय चालत नाहीत, एवढंच. धक्क्याने काही होत नाही. होतं ते एका जागी पडून राहिल्याने."

हे पडून राहण्याचं प्रकरण मात्र सविस्तर सांगते. आपण झोपेत कितीदा कूस बदलतो ते आपल्याला कळत नाही. अंग दुखतं म्हणून आपोआप बदलतो. ज्याला दुखतच नाही तो तसाच राहतो. माकडहाड, खुबे, टाचा, घोटे इथली कातडी हाड आणि गादी ह्यांच्यामध्ये दाबली जाते, रक्त पोचत नाही, आणि जखम होते. ती आधी बाहेरून नुसती लाल दिसते. बोटाने दाबून सोडल्यावर लाली पांढरी पडून परत आली तर ठीक. दाबूनही तशीच राहिली तर त्या बाजूवर पुन्हा झोपवू नये. आपल्या सावळ्या कातडीवर लाली चटकन दिसत नाही, म्हणून हात लावून ती जागा गरम आहे का, कडक आहे का, तेही बघावं. इंग्लंडात स्टोक मँडव्हिल इथे १९४४ साली लुडविग गुटमन नावाच्या डॉक्टरांनी कणा मोडलेल्या सैनिकांसाठी वेगळा विभाग काढला. त्यापूर्वी अशी माणसं बहुतेक करून ह्या जखमांनी आणि लघवीच्या विकारांनीच जात. गुटमन ह्यांनी सक्ती केली की रात्रंदिवस दर दोन तासांनी कूस बदलायची. ते बघायला म्हणे रात्रीचे स्वतः येत.

आमच्या घरीही पाळ्या लागल्या. दहा आणि बाराची ह्यांची, दोन आणि चारची धाकटीची, सहाची माझी. मी अर्धा दिवस शाळेत शिकवते, त्यामुळे दुपारच्याही माझ्याच. पुढे कातडी बघत बघत, बाईंच्या सल्ल्याने, दोनाचे तीन तास झाले; आणि भाऊजी पालथं झोपायला शिकल्यावर रात्रीच्या हाका खूपच कमी झाल्या. पालथं झोपायला छातीखाली, मांड्यांखाली आणि नडग्यांखाली उशा लागतात, म्हणजे गुडघे आणि पावलं अधांतरी राहतात. जुन्या साड्यांच्या घड्या करून मी सहा उशा शिवल्या. शिवणी बाहेरच्या बाजूला, बटण एकही नाही.

आता गादी. आपल्याकडे पाठीचं दुखणं म्हटलं की जो तो सांगतो, "फळीवर झोपा, काथ्याची गादी घ्या." भेटायला येणाऱ्यांपैकी निम्म्यांनी तरी आम्हाला हा सल्ला दिला असेल. कंबर धरणं वेगळं आणि संवेदना जाणं वेगळं! ज्याला कळत नाही त्याच्यासाठी फळी म्हणजे जखमेला आमंत्रणच. आपली कापसाची गादीही नको. तिच्या गाठी होतात. तसाच दुसरा एक लाडका उपाय म्हणजे रबरी रिंग, मधे भोक असलेली. जुन्या घरांतून ती हमखास सापडते. ती कडेने रक्त अडवते आणि मधली कातडी उपाशी राहते. आमच्याकडे शेजारून आली होती, ती मी आभार मानून परत पाठवली.

पहिले चार महिने हवेची गादी वापरली. तिच्या नळ्यांमध्ये पंप आळीपाळीने हवा भरतो आणि काढतो, त्यामुळे दाब एका जागी राहत नाही. चांगली वस्तू आहे, पण तिच्या भरवशावर कूस बदलायची सोडू नये. वीज गेली की पंप बंद, आणि आमच्या गादीतली हवा थोड्याच वेळात बसू लागे. खेड्यात राहणाऱ्यांनी इन्व्हर्टरची सोय आधी बघावी. ही गादी नुसत्या फळीवर टाकायची नसते, खाली फोमची गादी हवीच. आणि रोज एकदा माणूस झोपलेला असताना, माकडहाडाच्या जागी, हवेच्या गादीखाली तळहात सरकवून पाहायचा. वर इंचभर तरी फुगीर गादी जाणवली पाहिजे. हाड हाताला लागलं तर हवा कमी आहे किंवा गादी निकामी झाली आहे.

पुढे भाऊजी स्वतः खुर्चीत जाऊ लागले तेव्हा ही गादी आड येऊ लागली. कडेवर बसलं की ती खाली जाते आणि माणूस पुढे घसरतो. तेव्हा बाईंना विचारून, कातडी तपासून, आम्ही दोन थरांची फोमची गादी करून घेतली. खाली घट्ट, वर मऊ, आणि कडा मुद्दाम टणक. तिचं कापड ताणलं जाणारं. वर सुती चादर, इलॅस्टिकची, सुरकुती न पडणारी. मेणकापड अख्ख्या गादीवर घालू नये, घामाने कातडी भिजते. कंबरेपुरतं, चादरीखाली, पुष्कळ झालं.

डोकं वर करणारी कॉट परत केली तेव्हा मला जरा धाकधूक होती. पण तिचाही उपयोग समजून घ्यायला हवा. डोकं फार वर केलं की माणूस हळूहळू खाली सरकतो आणि माकडहाडाची कातडी घासली जाते. तीस अंशांपर्यंत बरं. त्यापुढे न्यायचं तर आधी गुडघे वर घ्यावेत. भाऊजींना आता भिंतीला टेकून बसता येतं, त्यांना यंत्र लागत नाही. मात्र ज्यांची इजा छातीच्या सहाव्या मणक्याला किंवा त्याच्या वर आहे, त्यांच्या घरी डोकं झटकन वर होणारी कॉट असलेली बरी. त्यांना लघवी तुंबली, नळी पिळवटली, किंवा शौचाला साफ झालं नाही, की रक्तदाब एकदम चढतो, डोकं ठणकतं, चेहरा लाल होतो. तेव्हा आधी ताठ बसवायचं, पाय खाली सोडायचे, कपडे सैल करायचे, नळी तपासायची, आणि लगेच डॉक्टरांना बोलवायचं. हे सगळं एकट्या बाईला मध्यरात्री करावं लागू शकतं.

खेड्यातल्या घरासाठी आणखी एक सांगते. मच्छरदाणी हवीच आणि ती गादीखाली चारी बाजूंनी खोचावी. डासांपेक्षा उंदरांसाठी! कळत नसलेल्या पायाच्या बोटांना उंदीर चावून जातो आणि सकाळी रक्त दिसल्यावर समजतं. गरम पाण्याची पिशवीही पायाशी ठेवू नये.

पलंगावर टांगायचं ते त्रिकोणी हँडल भाऊजींना हवं होतं. बाई नको म्हणाल्या. रोज त्याला लोंबकळून उठलं तर खांदे झिजतात, आणि आता चालण्याचं काम खांद्यांवरच आहे. त्याऐवजी पायथ्याला जाड पट्ट्याची शिडीसारखी दोरी बांधली. ती धरत धरत ते उठून बसतात.

सासूबाईंनी शेवटी आपण होऊनच सुताराला बोलावणं पाठवलं. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक ह्यांचं 'चाकाची खुर्ची' मी धाकटीला वाचायला आणलं होतं; त्यातली पानं तिने दुपारी सासूबाईंना वाचून दाखवली, त्याचा परिणाम असेल, किंवा नसेलही. त्यांनी मला कारण सांगितलं नाही. सुतार आला तेव्हा स्टूल घेऊन समोर बसल्या आणि म्हणाल्या, "चारी पाय सारखे काप. डुगडुगला तर पैसे नाहीत."

त्याच सुताराकडून शेजारी तीन फुटांची दुसरी साधी चौकट करून घेतली, त्याच उंचीची. ती धाकटीची. दोघांच्या गाद्या वेगळ्या, म्हणजे ती वळली तर त्यांची गादी हलत नाही. दोन्ही पलंगांचे पाय नायलॉनच्या पट्ट्याने एकत्र बांधले, आणि मधल्या फटीत फोमची लांब पट्टी ठोकून बसवली. त्यांचा पाय फटीत अडकला तर त्यांना कळणार नाही. धाकटीची बाजू भिंतीकडे, त्यांची बाजू मोकळी. खुर्ची पुरती वळायला पाच फूट जागा लागते, तेवढ्यासाठी कपाट माझ्या खोलीत आलं. दिव्याचं बटण हाताशी घेतलं. चारची पाळी आता पाळी राहिली नाही. तिने खांद्याला हात लावला की ते वळतात.

खुर्चीतून पलंगावर पहिल्यांदा ते एकटे सरकले तेव्हा खोलीत आम्ही कुणीच नव्हतो. दार लावून घेतलं होतं. आतून नुसता फळी सरकल्याचा आवाज आला.

उंची एकदा जमली की कायमची जमली असं समजू नका. २०२४ मध्ये खुर्चीची उशी बदलली, नवी पाऊण इंच जाड निघाली, आणि पलंगावरून खुर्चीत चढताना भाऊजींचे खांदे पुन्हा भरून यायला लागले. सुतार म्हणाला, कापलेलं लाकूड वाढवता येत नाही, विटा ठेवा. विटांवर पलंग हलतो. आम्ही विचारात पडलो तोवर सासूबाईंनी माळ्यावरून एक फडकं काढायला लावलं. त्यात पलंगाच्या पायांचे ते चार तुकडे होते. सुताराने त्यातल्याच पाऊण पाऊण इंचाच्या चकत्या कापल्या आणि पायांना खालून स्क्रूने बसवल्या. उरलेले तुकडे त्यांनी पुन्हा फडक्यात बांधून ठेवले आहेत.